लातूरकर धबधब्याच्या गावात

लातूरच्या माणसाला धबधबा दाखवायला नेऊ नये. तो धबधबा बघत नाही, हिशेब करतो. माझ्या भाच्याला हे माहीत नव्हतं. तो पुण्यात शिकतो आणि सुटी मिळाली की डोंगरात जातो. माझी बदली पुण्याला झाली तेव्हापासून त्याचं एकच पालुपद. "मामा, तुम्ही नुसतं घर ते ऑफिस करता. एकदा भाज्याला चला. लेणी, धबधबा, किल्ला, सगळं एका गावात. नवख्या माणसाला याच्याइतकी सोपी जागा नाही."

पुणे-लोणावळा लोकलने निघालो. जुलैतला रविवार. लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन मळवली, तिथं उतरायचं. डब्यातून जेवढी माणसं बाहेर पडली तेवढी आमच्याकडे आठवड्याच्या बाजारालाही जमत नाहीत. प्लास्टिकचे रेनकोट, पाठीवर पिशव्या, हातात स्पीकर. आणि सगळ्यांना नक्की कुठं जायचं ते माहीत होतं. निम्मे कार्ल्याकडे वळले, एकवीरेच्या दर्शनाला. निम्मे आमच्यासारखे उलट्या अंगाला, भाज्याकडे. मी छत्री उघडली. भाचा म्हणाला, "मामा, छत्री मिटा. इथं छत्रीचा उपयोग नसतो." पावसात छत्रीचा उपयोग नसतो, हे वाक्य पचवायला मला एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडेपर्यंतचा वेळ लागला. तोवर वाऱ्याने छत्रीच्या दोन काड्या मोडून त्याचं म्हणणं खरं केलं होतं.

लोणावळ्याच्या या पट्ट्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लातुरात चांगल्या वर्षी ८०० च्या आतबाहेर. आकडे मी आधीच पाहून ठेवले होते, पण आकडा अंगावर पडतो तेव्हा वेगळा असतो. आमच्याकडे पाऊस येतो आणि जातो. इथं पाऊस 'येत'ही नव्हता आणि 'जात'ही नव्हता. तो तिथंच राहत होता.

भाजे गावाकडे जाताना दोन्ही अंगांना भातखाचरं. लावणी चालू होती. गुडघाभर चिखलात बायका ओळीने वाकलेल्या, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी. जुनी पळसाच्या पानांची इरली आता दिसत नाहीत म्हणे. बांधावर भाताच्या रोपांच्या जुड्या. हा इंद्रायणी तांदळाचा मुलूख. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून हे वाण काढलं आणि १९८७ मध्ये ते शेतकऱ्यांच्या हाती आलं. आम्ही तुरी-सोयाबीनची माणसं. पाणी शेताबाहेर काढून द्यायची आमची धडपड असते, मुळं सडू नयेत म्हणून. इथं बांध घालून पाणी आत कोंडत होते. रस्त्यावरून जाणाऱ्या पोरांपैकी कुणी त्या बायकांचे फोटो काढले, कुणी हात हलवला. बायकांनी मान वर केली नाही. त्यांना काम होतं.

गावात शिरलं की प्रत्येक घरावर पाटी. 'घरगुती जेवण मिळेल', 'चुलीवरचं पिठलं-भाकरी', 'गाडी लावण्याची सोय'. भाजलेल्या कणसांचा धूर, कढईत भजी. मला वाटलं होतं, लेणी म्हणजे कुठेतरी रानात, आडबाजूला असतील. ही तर गावाच्या डोक्यावरच. घरांच्या मागून पायऱ्या सुरू होतात.

पायऱ्या चढताना दम लागला त्याचं विशेष नाही. पण वर तिकीट काढून आत गेलो आणि उभा राहिलो तेव्हा काय बघायचं तेच समजेना. समोर डोंगराचा कातळ, त्यात लहानमोठी भोकं, मधोमध एक प्रचंड कमान. बावीस लेणी आहेत म्हणे. माणसं पुढं जात होती, कमानीत उभं राहून फोटो काढत होती, परत येत होती. मी भाच्याला विचारलं, "सुरुवात कुठून करायची?" तो म्हणाला, "कुठूनही करा." नवख्या माणसाला इतका निरुपयोगी सल्ला दुसरा नसेल.

शेवटी एका पहारेकऱ्याने वाट दाखवली. "आधी मोठ्या कमानीत जा. आत गेल्यावर छताकडं बघा." हे मात्र उपयोगाचं निघालं.

मोठी कमान म्हणजे चैत्यगृह. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीचं, इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकातलं. आत अष्टकोनी खांबांची रांग, टोकाला साधा स्तूप, आणि वर छताला लाकडाच्या कमानी. खऱ्या लाकडाच्या. आमच्याकडे पूर्वी छकड्यावर ताडपत्री टाकायला बांबूच्या कमानी बांधत, अगदी तशा, एकामागं एक. मला आधी वाटलं, पुरातत्त्व खात्याने डागडुजी केली असेल. पहारेकरी म्हणाला, "नाही हो. तेव्हाचंच सागवान आहे." त्या लाकडावर ब्राह्मी अक्षरं सापडली आहेत, म्हणून शंकेला जागा राहत नाही. ४,००० मिलिमीटरच्या पावसात, दार नसलेल्या खोलीत, लाकूड दोन हजार वर्षं टिकलंय. माझ्या पुण्यातल्या भाड्याच्या घराचं न्हाणीघराचं दार दोन पावसाळ्यांत फुगलं.

दार नसलेल्या म्हणालो, पण तेव्हा होतं. पुढची सगळी भिंत लाकडाची होती. ती गेली, तिच्या तुळया बसवायच्या खाचा तेवढ्या राहिल्या. त्या खाचा मला कमानीपेक्षा जास्त आवडल्या. कुणीतरी माप घेऊन, इथं तुळई येणार, इथं चौकट येणार, असं ठरवून खोदलेल्या. आणखी एक गंमत. आतले खांब सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला किंचित झुकलेले आहेत. मला वाटलं, डोंगर खचला असेल. पण ते मुद्दाम आहे. लाकडाच्या इमारतीत छताचा भार बाहेर ढकलतो म्हणून खांब तिरके रोवत. दगडात त्याची गरजच नाही, कारण छत खांबांवर टेकलेलंच नाही, सगळा एकच कातळ. तरी कारागिरांनी खांब तिरके कोरले. लाकूडकामाची सवय हातातून सुटली नव्हती. किंवा खांब असाच दिसायला हवा, असं त्यांना वाटत असेल.

मला एकदम तेर आठवलं. आमच्यापासून फार लांब नाही, गोरोबाकाकांचं गाव. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ असंच, मागून गोल आणि वर कमानदार छत, फक्त विटांचं. मूळचं ते बौद्ध चैत्य असावं असं अभ्यासक म्हणतात. लहानपणापासून ते देऊळ बघत होतो आणि ते असं का आहे, हे कधी मनातही आलं नव्हतं. तेर म्हणजे जुनं तगर. तिथला माल गाड्यांवर लादून पश्चिम किनाऱ्याच्या बंदराकडे जाई, असं पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय. भाजे, कार्ले, बेडसे ही तिन्ही लेणी घाटमाथ्यावरून बोरघाटाने कोकणात उतरणाऱ्या वाटेवर आहेत. आमच्याकडचा एखादा गाडीवान याच डोंगराखालून कल्याणला गेला असेल, तर त्यानेही वर बघून विचारलं असेल, सुरुवात कुठून करायची? भाच्याला हे सांगितलं. त्याने मान हलवली आणि धबधबा किती लांब आहे ते बघायला गेला.

पुढे स्तूपांचा एक पुंजका आहे. चौदा स्तूप, काही आत, काही उघड्यावर, एकमेकांना खेटून. इथं राहिलेल्या भिक्षूंची ही स्मारकं. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी तिघांची नावं वाचता आलेली आहेत. मोठ्या चैत्यात माणूस छताकडे बघत राहतो. इथं मात्र उंची आपल्या खांद्याला भिडते आणि जरा अवघडल्यासारखं होतं, कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं.

पण मला भाज्यात खरं धरून ठेवलं ते पाण्याच्या टाक्यांनी. कातळात खोदलेली टाकी, काठोकाठ भरलेली, पाणी गार आणि काळं. लोक त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. एका टाक्यावर दानलेख आहे. महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने ही पोढी दिली, म्हणजे पाण्याचं टाकं दिलं. बस, एवढंच. राजाची स्तुती नाही, वंशावळ नाही. दोन हजार वर्षांनी त्या माणसाबद्दल उरलेली मोठी गोष्ट ही, की त्याने टाकं खोदून दिलं.

मी तिथं उभा राहून हिशेब करत होतो. समोर दरीत धो धो पाऊस. डोक्यावरच्या कातळाच्या कडेवरून धारा लागलेल्या. अशा जागी टाकं खोदायला पैसे खर्च करणारा माणूस वेडा तरी असला पाहिजे, किंवा त्याला या डोंगराची पुरती माहिती असली पाहिजे. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांचा डोंगर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एकावर एक थर, मऊ थर झिजून आत जातात, कठीण थर कड्यासारखे पुढे उरतात. लेणी कोरायला हा कातळ उत्तम, कडे असल्यामुळे धबधब्यांनाही उत्तम, पण पाणी पोटात धरायला फार वाईट. पडलं ते पाणी वाहून जातं. बौद्ध भिक्षू एरवी फिरत असत, पावसाचे महिने मात्र एका जागी राहायचा त्यांचा नियम होता, वर्षावास. पण विहारांचा राबता चालू राहिला, व्यापारी थांबू लागले, म्हणजे पाणी बाराही महिने हवं. दिवाळीनंतर या डोंगरावर पाणी कुठून आणणार? म्हणून पोढी.

म्हणजे पाऊस चुकवायला ही लेणी, आणि पाऊस साठवायलाही हीच. आम्ही रविवारची माणसं फक्त भिजायला आलो होतो.

लेण्यांच्या शेवटाला एक विहार आहे, जाळीच्या दारातून डोकवावं लागतं. डावीकडे चार घोड्यांच्या रथातला देव, सोबत दोन स्त्रिया, चाकाखाली कुणी अक्राळविक्राळ चिरडलेलं. उजवीकडे हत्तीवरचा देव. हा सूर्य आणि हा इंद्र, असं बहुतेक पुस्तकं सांगतात. काही अभ्यासक म्हणतात, छे, ही मांधाता राजाची गोष्ट आहे. जवळच एक बाई नाचतेय आणि दुसरं कुणी दोन उभी वाद्यं वाजवतंय. तबला किती जुना, या वादात हे चित्र हटकून निघतं म्हणे. तिथं चार पोरं त्यावरून भांडत होती. एकाचं म्हणणं तबला, दुसऱ्याचं म्हणणं नुसता ढोल. मला त्यातलं काही कळत नाही, पण ते वाजवणारं माणूस मजेत वाजवतंय, हे मलाही दिसलं.

मग धबधबा. लेण्यांच्या शेजारीच, दक्षिण टोकाला, कड्यावरून पडतो. ज्यासाठी सगळे आले होते, तो हा.

आता काय सांगू. सुंदर आहे, हे खरं आहे. पाण्याचा पडदा वाऱ्याने डावीकडे-उजवीकडे सरकतो, शेवाळलेले दगड, आणि त्या सगळ्या आवाजातही एक पक्षी माणसासारखी शीळ घालत होता. भाचा म्हणाला, शीळकरी कस्तूर. पोरं कुंडात उतरून किंचाळत होती. मला मात्र उभ्या उभ्या २०१६ चा मार्च आठवला. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता, आणि लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी करून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून कलम १४४ लावलं होतं. जमावबंदी, पाण्यासाठी. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. ती गाडी बघायला आम्ही पहाटे गेलो होतो. या धबधब्यातून पाच लाख लिटर जायला किती वेळ लागत असेल, हे मी मोजायला लागलो, आणि उत्तर यायच्या आत थांबलो.

गंमत म्हणजे जमावबंदी इथंही लागते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने मावळ-मुळशीतल्या अशा जागांवर बंदीचे आदेश काढले. भाच्याने मला कुंडात उतरू दिलं नाही, आणि कारण नीट समजावलं. वर डोंगरात पाऊस वाढला की उघड्या कातळावरून पाणी मिनिटांत खाली येतं. आपल्या डोक्यावर पाऊस तेवढाच असतो, म्हणून कळतही नाही. पाण्याचा रंग गढूळ झाला, काटक्या-पालापाचोळा यायला लागला, तर बाहेर पडायचं. "आणि काळा दगड दिसला तर पाय टाका, हिरवा दिसला तर नाही." डोंगराबद्दल मला मिळालेलं हे सगळ्यात कामाचं ज्ञान.

"हे पाणी जातं कुठं?" मी विचारलं.

"इंद्रायणीत."

"पुढं?"

"देहू, आळंदी. तुळापूरला भीमेत. मग उजनी."

उजनी! आमच्या प्रत्येक निवडणुकीत उजनीचं पाणी लातूरला येणार असतं. जन्म गेला ऐकण्यात. मी धबधब्याकडे पुन्हा नीट बघितलं. ओळखीचा माणूस निघाला तो.

भजी खाऊन डोंगराकडे निघालो. भाज्यातून वाट वर गायमुख खिंडीत जाते. खिंडीत डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. या चढाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वर धुकं, खाली चिखल, मधे मी. ओढा आडवा आला की भाचा पुढे होऊन हात द्यायचा. वाटेत एक आजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन रबरी चपलांत माझ्या पुढून निघून गेल्या, मागे वळून म्हणाल्या, "सावकाश या, दादा." माझ्या पायात नवेकोरे ट्रेकिंगचे बूट होते.

लोहगडाच्या पायऱ्या मात्र बघण्यासारख्या. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, एकामागून एक चार दरवाजे, मधली वाट नागमोडी, म्हणजे वर येणारा शत्रू कायम कुणाच्या तरी नजरेखाली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात हा एक. पुरंदरच्या तहात १६६५ ला तो मोगलांकडे गेला, १६७० ला परत आला. पण १८१८ ला इंग्रजांनी आधी शेजारचा विसापूर घेतला, आणि तो याच्याहून उंच असल्यामुळे लोहगडाला लढायची संधीच राहिली नाही. चार दरवाज्यांचं हे सगळं शहाणपण, आणि शेजाऱ्याच्या उंचीने घात केला.

माथ्यावर काही दिसेना. पलीकडे पवना धरण आहे, तुंग-तिकोना हे किल्ले आहेत, गडाची दीड किलोमीटर लांब सोंड, म्हणजे विंचूकाटा आहे, असं भाचा धुक्यात बोट दाखवून सांगत होता. मी विश्वास ठेवत होतो. दिसलं ते पुन्हा पाणीच. खोदलेली टाकी, आणि नाना फडणवीसांनी बांधून घेतलेला सोळा कोनांचा तलाव. खाली विण्हुदत, वर नाना. मधे दोन हजार वर्षांत कितीतरी राज्यं बदलली, पण या डोंगरावर ज्याला राहायचं होतं, त्याने आधी कुदळ पाण्यासाठीच मारली. पावसावर कुणी भरवसा ठेवला नाही, आणि तोही इतक्या पावसावर!

उतरून लोहगडवाडीत एका घरी जेवायला बसलो. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, टाकळ्याची भाजी, आणि चिकट वाफाळता इंद्रायणी भात. वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, "कुठले तुम्ही?"

"लातूरचे."

त्या थांबल्या. "त्या रेल्वेने पाणी आलं होतं, ते लातूर?"

"तेच."

"मग तुम्हाला काय, सगळं नवलच असंल इथं." मग भाताचं पातेलं खाली ठेवून बसल्याच. "आमची बी विहीर मार्च सरला की तळाला जाते. आता बघताय ते सगळं खाली पळतं. उन्हाळ्यात एक हंडा भरायला तासभर बसावं लागतं." मुलगा पुण्याला कंपनीत आहे, जमीन थोडी आहे, शनिवार-रविवारच्या जेवणावर घर चालतं, असंही सांगितलं. मी विचारलं, एवढ्या पावसातलं काही धरून ठेवता येत नाही का? त्या म्हणाल्या, "धरायला जागा कुठंय? जागा होती ती वरच्यांनी केली, किल्ल्यावर. आम्हाला कोण करणार?"

भाच्याला परतीच्या लोकलची घाई होती. पैसे देताना त्याने विचारलं, विसापूर राहिला, तर आता कधी यावं, सप्टेंबरमध्ये? सोनकी फुलते तेव्हा?

"सप्टेंबरला गर्दी असती," मावशी म्हणाल्या. "मे महिन्यात या. कुणी नसतं, समदं दिसतं, विंचूकाटाबी दिसतो." आणि मग माझ्याकडे बघून, "येताना पाणी तेवढं घेऊन या."